बेहड्याची फळं आणि पटावरची घरं

बॅकगॅमन हा आपल्या सारीपाटासारखाच फाशांवर चालणारा खेळ. प्रत्येकाच्या 15 सोंगट्या, पटावर 24 घरं. दोघांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की मारामारी संपते, शर्यत उरते. मग प्रश्न एकच: कोण किती पुढे?

कॅनडातला माझा मुलगा दर शनिवारी मोबाइलवर माझ्याशी हा खेळ खेळतो. आमच्या जोयड्याच्या रानात रेंज टिकेल तेवढी खरी. डाव लवकर आटोपला तरच बोलायला वेळ मिळतो. म्हणून रोज दुपारी पट मांडून मी मोजणीचा सराव करते.

घराचा क्रमांक म्हणजे तिथून बाहेर पडायला लागणारी पावलं. सुरुवातीला ती प्रत्येकाची 167 असतात. भरभर मोजायला दहाच्या जोड्या लावायच्या: आठव्या घरातली एक नि दुसऱ्यातली एक मिळून दहा, सातवं-तिसरं दहा, सहावं-चौथं दहा. सुट्या उरतील त्या शेवटी मिळवायच्या.

महाभारतातला राजा ऋतुपर्ण विदर्भाच्या वाटेवर बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानंफळं किती ते सांगतो. त्याचा सारथी झालेला नळ रथ थांबवून मोजून बघतो, तर आकडा बरोबर! ऋतुपर्णाकडून ही विद्या नि फाशांचं मर्म शिकूनच नळ पुढे राज्य परत जिंकतो. पूर्वी बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरत. आमच्या रानात बेहडे पुष्कळ. त्यांच्याखालून जाताना मीही अंदाज बांधून बघते.

एका दानात सरासरी आठाहून किंचित जास्त पावलं पडतात. पुढच्याची शंभर उरली आणि मागचा आठने मागे असला, तर पुढच्याने पैज दुप्पट करावी. मागच्याने बारापर्यंत ती स्वीकारावी, त्यापुढे डाव सोडावा, असा जाणत्यांचा ठोकताळा.

मागच्या शनिवारी त्याची 92 उरली होती, माझी 101. त्याने पैज दुप्पट केली. मी मोजलं नि लगेच "चालेल" म्हटलं. हरले, पण रेंज होती. तेव्हा त्याने सांगितलं, "आई, नोकरी सुटून दोन महिने झाले."

शिल्लक किती, भाडं किती, किती महिने निघतील, ते आम्ही दोघांनी बसून मोजलं. मागे पडलाय खरा, पण डाव सोडण्याइतका नाही.