पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत

बुधवार पेठेतल्या एका विठोबाचे नाव पासोड्या विठोबा असे आहे. देवळाच्या आसपास पूर्वी पासोड्या विकणारे बसत, म्हणून देवालाही तेच नाव चिकटले. पासोडी म्हणजे जाडेभरडे सुती दुहेरी पांघरूण. रात्री अंथरुणावर आणि पहाटे खांद्यावर, असा त्याचा दुहेरी उपयोग होई. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी अशाच एका सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर आपले ‘पंचीकरण’ लिहून काढले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आज त्या देवळापाशी पासोडी मागितली तर दुकानदार आपल्याकडे बघतच राहील. तथापि गेल्या डिसेंबरात ऊबदार वस्त्राच्या शोधात मी आणि माझे थोरले बंधू याच पेठेत तीन वेळा गेलो, आणि जे वस्त्र घेऊन आलो त्याच्या अस्तरात तारा होत्या.

त्यामागचे कारण सांगितले पाहिजे. दादांचे वय ७४. शिखरजीची वंदना पायी करायची, असे त्यांनी आणि वहिनींनी मिळून ठरविले होते. दुकान, मुलांची लग्ने, मग दादांचे हृदयाचे दुखणे, असे करता करता ती राहून गेली आणि मागच्या वर्षी वहिनी गेल्या. वर्षश्राद्ध वगैरे आपल्याकडे नाही. पण वर्ष सरताच दादांनी जानेवारीची तिकिटे काढली आणि मग मला कळविले. सम्मेदशिखराचा डोंगर सुमारे ४,४८० फूट उंच. मधुबनातून ९ किलोमीटर चढण, वर टोंकांची ९ किलोमीटरची परिक्रमा आणि ९ किलोमीटर उतरण, असे २७ किलोमीटर अनवाणी चालायचे. पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते. डोली मिळते, परंतु माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जाणार नाही, हा दादांचा जुना हट्ट आहे. डोलीवाल्यांचे घर त्यावरच चालते, हे मी त्यांना सांगून पाहिले. “मग त्याला पैसे देईन, पण बसणार नाही,” असे उत्तर मिळाले.

डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली, ती थंडीची अट घालून. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. चढताना शरीर स्वतःच तापते. धोका असतो तो घामाने ओलसर झालेल्या अंगाने वाऱ्यात थांबल्यावर. “थांबाल तेव्हा छाती गरम राहिली पाहिजे,” हे त्यांचे वाक्य मी चिठ्ठीवर लिहून घेतले.

आता गरम कपडे काय थोडे आहेत? पण दादा-वहिनींनी बारा वर्षांपूर्वी चामडे, रेशीम आणि पिसे यांच्याबरोबर लोकरीचाही त्याग केला होता. लोकरीला आपल्याकडे सरसकट निषेध नाही. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचाच असतो. हा त्या दोघांचा वैयक्तिक नियम. बाजारातली सर्वांत हलकी आणि ऊबदार जाकिटे बदकांच्या वा हंसांच्या पिसांनी भरलेली असतात, तीही त्यामुळे बाद. उरला पॉलिएस्टरचा भराव आणि फ्लीस. तेवढ्याने भागेल का, अशी शंका आली तेव्हा नातवाने बॅटरीवर तापणाऱ्या जाकिटाचे नाव काढले. लडाखला मोटारसायकलने जाणारी मुले ते वापरतात म्हणे.

पहिली खरेदी मीच घाईने, घरबसल्या, फोनवरून केली आणि फसलो. जाकिटाबरोबर आलेल्या बॅटरीवर २०,००० एमएएच असा ठसठशीत आकडा होता आणि ती पुरते सव्वा तासही चालली नाही. उभी हयात तारणाची कागदपत्रे तपासण्यात गेलेल्या माणसाने दर्शनी मूल्यावर विश्वास ठेवावा, याची मला जी लाज वाटली ती वाटलीच. मग दादा म्हणाले, “चल, पेठेत जाऊ. वस्तू हातात घेतल्याशिवाय घ्यायचीच नाही.”

बुधवार पेठ ही पुण्याची फार जुनी वस्ती. औरंगजेबाच्या काळात तिला मुहियाबाद म्हणत. ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी इथलीच, दगडूशेठ हलवाई गणपतीही इथलाच. अप्पा बळवंत चौकाकडून शिरावे तर आधी पुस्तके लागतात, जोगेश्वरीच्या बाजूने वळावे तर विजेचे सामान आणि लक्ष्मी रस्त्याकडे सरकावे तर कापड. शंभर पावलांत व्यापार बदलतो, आणि प्रत्येक गल्लीतला दुकानदार शेजारच्या गल्लीतल्या मालाविषयी अगदी अधिकाराने बोलतो! तपकीर गल्लीत एके काळी तपकीर विकली जाई, आता तिथे वायरची भेंडोळी, दिवे, पंखे, चार्जर आणि बॅटऱ्या यांचा घाऊक बाजार आहे. नाव मात्र कोणी बदलले नाही. या पेठेत माल जातो आणि नाव उरते, हे विठोबाच्या बाबतीतही पाहिलेच.

तिथल्या एका लहानशा दुकानातल्या तरुणाने मला जे शिकविले, ते वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. बॅटरीवरचा एमएएचचा आकडा हा आतल्या घटाच्या ३.७ व्होल्टचा असतो. १०,००० एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागले की ३७ वॅट-तास येतात. जाकिटाला हवे असतात ५ व्होल्ट. त्या रूपांतरात काही ऊर्जा जाते, म्हणून हाती साधारण ३० धरावेत. जाकीट पूर्ण आचेवर १० वॅट खात असेल तर तीन तास, मध्यम आचेवर साडेचार तास. हा साधा भागाकार आहे. जो विक्रेता पूर्ण आचेवर दहा तासांची हमी देतो, त्याच्याकडून उठावे. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक पाहावा. मी फोनवरून घेतलेल्या बॅटरीवर असले काहीच नव्हते. जाकिटाला २ अँपिअर लागत असतील तर पॉवर बँक तेवढे देते का, तेही विचारावे. थंडीत लिथियम बॅटरीचा जोर घटतो, म्हणून ती बाहेरच्या खिशात न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावी. विमानाने जाणाऱ्यांनी ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीतच न्यावी. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

जाकीट मिळाले ते लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला, लडाखवाल्या मुलांना सामान पुरविणाऱ्या दुकानात. तिथे दोन प्रकार समोर आले. एक पातळ, तुकतुकीत, अंगाबरोबर बसणारे, पाच ठिकाणी तापणारे पट्टे असलेले आणि बटण दाबताच मिनिटभरात गरम होणारे. दुसरे बिनबाह्यांचे, जाड भरावाचे, गळ्यापर्यंत येणारे, पण पट्टे फक्त तीन, छातीला दोन आणि पाठीला एक. दुकानदाराचा कल पहिल्याकडे होता. दुसरे २,५०० रुपयांच्या आतले होते, त्यामुळे त्याला ५ टक्के जीएसटी आणि पहिल्याला १८, ही सप्टेंबर २०२५ पासूनची दररचना त्याने आम्हांला न विचारता सांगितली. दादांनी दोन्हींच्या आतल्या पट्ट्या वाचल्या. भराव पॉलिएस्टर, चामड्याची किनार नाही, लोकर नाही. माझेही मत पहिल्याकडेच झुकत होते. जास्त पट्टे म्हणजे जास्त ऊब, हा माझा हिशेब.

इथे दादांनी जो प्रश्न काढला, त्याचा मी विचारच केला नव्हता. ते म्हणाले, “टोंकेवर चरणपादुकांसमोर उभा राहीन, तेव्हा मी हे बंद करणार.”

वीज म्हणजे सचित्त तेजस्काय की अचित्त, यावर आपल्याकडे साधुभगवंतांत आणि विद्वानांत मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही. तो माझा अधिकार नव्हे. दादा सामायिक आणि प्रतिक्रमणात दिवा-पंखा चालू ठेवत नाहीत, तोच नियम ते डोंगरावर पाळणार. परंतु थांबायचे ते टोंकेपाशीच, आणि डॉक्टरांना ऊब हवी होती ती नेमकी थांबल्यावर. म्हणजे ज्या क्षणासाठी जाकीट घ्यायचे, त्याच क्षणी ते बंद! टोंका एक-दोन नाहीत. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी आहे. मी जरा चिडूनच म्हणालो, “मग हा खर्च कशाला करायचा, दादा?” दुकानात गिऱ्हाईक होते. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही जाकिटे परत करण्याच्या बोलीवर घरी न्यायची परवानगी मागितली, अनामत ठेवली, आणि पेठेतल्या व्यापाराची रीत अशी की ती मिळालीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे गच्चीवर जाऊन बसलो. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरला होता, तसे काही नव्हते. तरी हात खिशातून काढवत नव्हते. दादांनी सुती सदऱ्यावर पातळ जाकीट चढविले, अर्धा तास तापू दिले आणि बटण बंद केले. मी घड्याळ धरले. चार मिनिटांत ते म्हणाले, “गेली.” मग जाड जाकीट, त्यावर वारा अडविणारे साधे विंडचीटर, पुन्हा अर्धा तास. बटण बंद केल्यावर मी पाच मिनिटांनी विचारले, दहा मिनिटांनी विचारले. पंधराव्या मिनिटाला ते म्हणाले, “अजून आहे.” वीस मिनिटे झाल्यावर मात्र त्यांनी खांदे आवळले. एका टोंकेच्या वंदनेला एवढा वेळ लागत नाही. म्हणजे तारांनी ऊब निर्माण करायची आणि भरावाने ती धरून ठेवायची, आणि आम्हांला गरज होती ती धरून ठेवणाऱ्याची. जे दुकानात मागे पडले होते तेच घ्यायचे ठरले.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही सोयीची निघाली. चढताना जाकीट बंदच ठेवायचे, नाहीतर घाम येतो आणि तो घामच पुढे गारठवितो. टोंक जवळ आली की दहा मिनिटे आधी सुरू करायचे, पादुकांपाशी बंद, वंदना झाली की पुन्हा लागेल तसे. असा हिशेब केला तर एक पॉवर बँक उतरेपर्यंत पुरायला हवी. तरी मी दुसरी घ्यायचा आग्रह धरला. उपयोग झाला नाही तरी चालेल, पण राखीव निधी असावा.

डॉक्टरांना हे सगळे फोनवरून सांगितले. त्यांनी दोन सूचना केल्या. दादांना मधुमेह आहे, त्वचेची संवेदना थोडी कमी झाली आहे. अशा माणसाला मंद आचेनेही भाजते आणि ते कळत नाही, म्हणून पट्टा उघड्या अंगावर येता कामा नये आणि जाकीट चालू ठेवून झोपायचे नाही. आणि छातीत दुखू लागले तर टोंक कितवीही असो, तिथून खाली यायचे, आणि मग डोलीला नाही म्हणायचे नाही. दुसरी सूचना मी दादांना स्पीकरवर ऐकविली. ते बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, “बरं.” हा एक शब्द त्यांच्याकडून मिळवायला मला दोन महिने लागले होते.

तिसऱ्या खेपेला पेठेत गेलो तो रविवार होता. लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पातळ जाकीट परत दिले, जाडाचे पैसे भरले, मग तपकीर गल्लीतल्या त्याच तरुणाकडे दुसरी पॉवर बँक घेतली. त्याने मागच्या वेळचे आम्हांला ओळखले. कुठे जाणार, किती दिवस, सगळे विचारून घेतले आणि पन्नास रुपये कमी केले. दादांनी ते पन्नास परत त्याच्या हातात ठेवले; व्यापाऱ्याने व्यापाऱ्याचा नफा खाऊ नये, असे ते म्हणाले. मुलगा हसला आणि पावतीपुस्तक उघडून त्याने विचारले, “काका, बिल कोणाच्या नावाने करू?”

दादांनी वहिनींचे नाव सांगितले.

तो लिहीत असताना मी काही बोललो नाही. पावती त्यांनी घडी घालून जाकिटाच्या आतल्या, बॅटरीच्या खिशात ठेवली, आणि आम्ही पासोड्या विठोबाच्या बाजूने रिक्षा शोधायला निघालो.