कडेवरचा प्रवासी

कल्याण हे गाव प्रवाशांनी घडविलेले आहे. उल्हास नदीच्या खाडीवरील या प्राचीन बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आढळतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. १८५४ साली आगगाडी येथवर आली आणि पुढे कसारा व कर्जत अशा दोन घाटांकडे जाणाऱ्या वाटा येथूनच फुटल्या. व्यापारानिमित्त दूरदेशी जाणे येथील पेढ्यांना नवे नाही. मात्र त्या प्रवासांच्या हकिकतींत माल असतो, हुंडी असते, वखार असते. तान्हे मूल क्वचितच असते. कर्ता पुरुष बाहेर पडत असे आणि मूल त्याच्या आईसह घरी राहत असे.

आता काळ पालटला आहे. घराण्याच्या शाखा आफ्रिका, इंग्लंड, अमेरिका येथे पसरल्या आहेत आणि सुट्टीचा प्रवास म्हणजे पुष्कळदा आप्तांची भेट असते. अशा वेळी प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो : बाळ लहान आहे, त्याला घेऊन एवढ्या लांब जावे की थांबावे?

कल्याणच्या बाजारपेठेत कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न आला, तेव्हा घरातील नात सहा महिन्यांची होती. आजोबांच्या मातोश्री धाकट्या मुलाकडे इंग्लंडातील लेस्टर येथे राहतात. वय नव्वदीच्या पुढे, त्यामुळे विमानप्रवास अशक्य. पणतीचे तोंड पाहावे एवढीच त्यांची इच्छा उरली होती. तरीही पहिला बेत असा ठरला की, आजी, आजोबा आणि मुलगा यांनी जाऊन यावे. सूनबाईंनी बाळासह घरी राहावे.

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आई, मोठ्या आजींना बघायचंय ते हिला. हिला घरी ठेवून आपण कशासाठी जायचं?”

सासूबाईंना यावर उत्तर सुचले नाही. बेत बदलला, मात्र मनातील धाकधूक गेली नाही.

या धाकधुकीला कल्याणच्या भूमीत एक जुना संदर्भ आहे. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक, डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. पुढे १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्याच महिन्यात त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला जाण्यासाठी जहाजात बसल्या. पतीचे निधन होऊन वर्ष-सव्वा वर्ष झाले होते आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. सुएझचा कालवा होऊन चौदा वर्षे झाली होती, तरीही तो प्रवास आठवड्यांच्या हिशेबाचा होता. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ झाला, तेव्हा रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून तेथे उपस्थित राहिल्या. त्या वेळीही मनोरमा त्यांच्या सोबत होती.

आजचा प्रवास आठवड्यांचा नसून तासांचा आहे. पण त्याची पूर्वतयारी महिन्यांची असते. या कुटुंबाने प्रथम महानगरपालिकेतून जन्मदाखला घेतला. बारसे झाले म्हणून दाखल्यावर नाव आपोआप चढत नाही, ते स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावे लागते. ज्यांनी हे केलेले नसते त्यांची पुढील सर्व कामे अडतात. त्यानंतर ठाण्याला पासपोर्टसाठी जावे लागले. तान्ह्या मुलालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो; आईवडिलांना विहित नमुन्यातील घोषणापत्र द्यावे लागते आणि चार वर्षांखालील मुलाचे छायाचित्र आपणच काढून न्यावे लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे आणि चेहरा सरळ असे छायाचित्र मिळविण्यासाठी छायाचित्रकाराच्या दुकानात पाऊण तास खुळखुळा वाजवावा लागला. हा पासपोर्ट पाच वर्षे चालतो, चेहरा मात्र पाच महिन्यांत बदलतो.

खर्चाचे गणितही व्यापाऱ्याला विचार करायला लावणारे आहे. दोन वर्षांखालील मुलासाठी आंतरराष्ट्रीय विमानात साधारणतः मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आकार घेतात. त्यात आसन मिळत नाही, मूल मांडीवरच असते. व्हिसाचे शुल्क मात्र बाळालाही पूर्ण भरावे लागते. विमानातील भिंतीला अडकवायचा पाळणा आधी मागून ठेवावा लागतो. त्याची वजनमर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि विमान हेलकावू लागले की निजलेल्या मुलालाही त्यातून उचलून घ्यावे लागते.

प्रवासाचा दिवस बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरला. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस टोचून झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग निघावे, असे त्यांनी सुचविले. आहाराबाबत त्यांनी जे सांगितले, ते ऐकून सासूबाईंची अर्धी चिंता दूर झाली. पाणी उकळून गार केलेलेच द्यावे आणि एक वर्षापर्यंत मध चाटवू नये, असे ते म्हणाले. या घरात उकळलेले पाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आणि मध वर्ज्यच! बटाटा-गाजर कुस्करून देण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. येथे कंदमुळांचा प्रश्न नव्हता. तांदूळ व मुगाची डाळ भाजून दळलेले खिमट, नाचणीचे सत्त्व, उकडलेला दुधी आणि केळे यांवर बाळ उत्तम वाढत होते. खिमटाच्या पुड्या बांधल्या गेल्या. थोरल्या जाऊबाईंनी दिलेले पेढे मात्र घरीच ठेवावे लागले, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास तेथे मनाई आहे.

जूनच्या आरंभी, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी, मंडळी निघाली. विमान मध्यरात्रीनंतरचे होते. दुर्गाडीचा पूल ओलांडून, राजनोली नाक्यावरून ठाण्याकडे जाताना वाहनांच्या रांगेत तास मोडला. बाळ गाढ झोपले होते. सर्वांना हा शुभशकुन वाटला; प्रत्यक्षात ती झोप विमानासाठी राखून ठेवायची होती, हे मागाहून कळले.

विमान चढताना व उतरताना आतील हवेचा दाब बदलतो. मोठी माणसे आवंढा गिळून कान मोकळे करतात; तान्ह्याला ती युक्ती ठाऊक नसते, म्हणून त्या वेळी त्याला पाजावे. विमान चढताना हा उपाय लागू पडला. पुढे तिसऱ्या तासाला बाळ जे रडू लागले ते थांबेना. दिवे मालवलेले, भोवती निजलेले दोन-तीनशे लोक आणि मध्ये एक तान्हा टाहो! मागच्या रांगेतील एका बाईंनी सर्दीच्या औषधाचे चार थेंब द्या म्हणजे निजेल, असा सल्ला दिला. डॉक्टरांनी नेमके याचविषयी बजावले होते. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया मूल निजावे म्हणून त्याला अफूची गोळी देत; त्यांचा नाइलाज होता. मुलाला गुंगी आणून मोठ्यांची सोय पाहणे हे आजच्या सुखवस्तू घराला शोभणारे नाही. बाळाचे वडील व आजोबा आळीपाळीने बोळातून फेऱ्या घालीत राहिले. तासाभराने बाळ आजोबांच्या खांद्यावर निजले. त्यानंतर दोन तास आजोबांनी मान वळविली नाही.

लंडनहून लेस्टर मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. तेथे बाळाला मांडीवर घेऊन घरच्या मोटारीत बसता येत नाही. त्याच्या वयाचे स्वतंत्र आसन कायद्याने बंधनकारक आहे. धाकट्या काकांनी ते आधीच बसवून आणले होते. कल्याणात दुचाकीवर दोघांच्या मध्ये मूल धरून नेणाऱ्यांनी हा धडा घेण्याजोगा आहे.

खरी परीक्षा पुढे होती. उन्हाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. कल्याणला सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा लेस्टरला रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाळाच्या शरीरात कल्याणचेच घड्याळ चालू होते. रोज रात्री दोनला ते ताजेतवाने जागे होई आणि खेळण्यास कोणी हवे असे. उलट संध्याकाळी सूर्य सव्वानऊच्या पुढेही मावळत नसे. चौविहार पाळणाऱ्या आजींना जेवणाची घाई उरली नाही याचा सर्वांना आनंद झाला, पण लख्ख उजेडात बाळ निजणार कसे? अखेर खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या गेल्या.

आणि ज्या भेटीसाठी हा खटाटोप केला तीच फसली. पणजींनी थरथरत्या हातांनी बाळाला जवळ घेतले, तोच त्याने आकांत मांडला. नऊ-दहा महिन्यांच्या मुलाला अनोळखी चेहऱ्याची भीती वाटते. ती वाढीची स्वाभाविक पायरी आहे. सारे जण पणजींना हे समजावत राहिले. त्या हसल्या, “असू दे, असू दे,” म्हणाल्या आणि डोळे पुसून आपल्या खुर्चीत बसून राहिल्या.

तिसऱ्या रात्री सूनबाईंचा धीर सुटला. “आपण परत जाऊ या. मीच हट्ट केला,” असे त्या पतीला म्हणाल्या. बारा दिवसांचा कार्यक्रम आखलेला होता : लेस्टरला तीन दिवस, मग लंडन, ऑक्सफर्ड, सरोवरांचा प्रदेश आणि शेवटी एडिंबरा. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी तो कागद मागून घेतला आणि लेस्टरखालील प्रत्येक ओळीवर काट मारली. एडिंबराच्या हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. “ती रक्कम बुडीत खात्यात लिहा,” ते म्हणाले, “बाळ सांगेल तसे राहायचे.”

त्या क्षणापासून प्रवासाची गती बदलली. सकाळी बाळ उठेल तेव्हा सारे उठू लागले. दुपारी सोअर नदीकाठच्या ॲबी पार्कमध्ये गवतावर चादर अंथरली जाई. एके दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये जाणे झाले. मूळच्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे रूपांतर करून १९८८ साली उभे राहिलेले हे मंदिर बाहेरून शुभ्र संगमरवराने मढविलेले आहे आणि श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा सर्वांना तेथे एकाच छपराखाली स्थान आहे. बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेताना दुधी मिळाला आणि बाळाचे कल्याणचे जेवण पुन्हा सुरू झाले. रात्रीची जागरणेही हळूहळू कमी झाली. पाचव्या रात्री बाळ पहाटे पाचपर्यंत निजले.

पणजींनी या काळात बाळाला एकदाही हाक मारून जवळ बोलाविले नाही. त्या खुर्चीत बसून जपमाळ ओढीत राहत. पहिला दिवस बाळ त्यांच्याकडे दुरून पाही, दुसऱ्या दिवशी ते खोलीच्या मध्यापर्यंत आले. सहाव्या दिवशी ते रांगत खुर्चीपाशी गेले, लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि त्या आधारे आयुष्यात प्रथमच उभे राहिले. पणजींनी खाली पाहिले, बाळाने वर पाहिले. कोणी रडले नाही, निदान बाळ तरी रडले नाही.

दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात समारंभ झाला. पणतवंड पाहिलेल्यावर सोन्याची फुले उधळण्याची आपल्याकडे चाल आहे. ती बहुधा पणतू झाल्यावर पाळतात. पण आजोबांनी कल्याणच्या सराफाकडून चार लहानशी फुले करवून आणली होती. ती पणतीच्या निमित्ताने आईच्या मस्तकावर उधळली गेली. एक फूल बाळाने तोंडात घालण्यापूर्वी चपळाईने काढून घ्यावे लागले.

मूळ कागदाप्रमाणे प्रवास झाला असता, तर लेस्टरहून चौथ्या दिवशी प्रस्थान ठरलेले होते. पणजी आणि पणती यांच्या भेटीचे एकच छायाचित्र उरले असते, त्यात एक रडत असती आणि दुसरी डोळे पुसत असती. बाळासह दूरचा प्रवास करावा की नाही, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. मात्र जे निघतील त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे : प्रेक्षणीय स्थळे मोठ्यांसाठी असतात आणि त्यांची किंमत बाळ आपल्या झोपेतून भरते. माणसांच्या भेटीसाठी जायचे असेल तर अवश्य जावे. पण बाळाला ओळख पटण्यास जेवढे दिवस लागतील तेवढे राखून ठेवावेत.

या प्रवासातील काहीही त्या बाळाला आठवणार नाही. सूनबाईंनी म्हणूनच चौथ्या पुडीतील उरलेले खिमट, एक सोन्याचे फूल आणि काट मारलेला तो कागद एका डबीत ठेवून दिला आहे. स्कॉटलंड पाहायचे राहून गेले, अशी चुटपुट आजीबाई कधीमधी व्यक्त करतात. त्यावर आजोबांचे उत्तर ठरलेले असते : स्कॉटलंड कुठे जात नाही.