घरचें वादळ

पाऊस मागावा, ऊन मागावें, एखादे वेळीं पंचांगांत ग्रहणहि शोधावें. पण वादळच हवें म्हणून हटून बसलेलें माणूस आम्हीं तरी पूर्वीं पाहिलें नव्हतें. गेल्या ज्येष्ठांत असा हट्ट आमच्याच घरीं झाला, आणि तो धरणारी व्यक्ति कोणी अल्लड मुलगा नसून आमच्या वहिनी होत्या. थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं बारावीच्या परीक्षेनंतर वैमानिक होण्याचा मनोदय प्रकट केला, तेव्हांपासून घरांत चर्चेस खळ नव्हता. दादांची हरकत पैशाची. वहिनींची पोटांतल्या मायेची. अखेर त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, हा रोज त्या संगणकावर निळ्या आकाशांत विमान उडवून दाखवितो. निळ्या आकाशांत काय, पतंगहि उडतो. मला भर पावसाळ्यांतली मुंबई दाखवा. मग काय तें मी सांगेन."

येथें त्या यंत्राविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पडद्यावर विमान चालविण्याचा हा खेळ मायक्रोसॉफ्टनें १९८२ मध्यें प्रथम बाजारांत आणला. आमच्या घरीं आहे ती २०२० सालची आवृत्ति. ज्यांस हा निव्वळ पोरखेळ वाटतो त्यांनीं एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाची हकीकत ध्यानांत घ्यावी. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. ऑर्गनचेच भाते जोडून त्यानें १९२९ मध्यें जमिनीवर डुलणारें विमान तयार केलें, आणि लोकांनीं तें जत्रेंतील करमणूक म्हणून पाहिलें. पुढें १९३४ मध्यें अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचें काम पडलें. धुक्यांत आणि हिमवर्षावांत अनेक तरुण प्राणांस मुकले. तेव्हां कोठें लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं.

आमच्या खेळांत हवा दोन प्रकारांनीं मिळते. त्या घटकेस जगांत जेथें जशी असेल तशी, किंवा आपण स्वतः घडवावी तशी. पाऊस अद्याप कोंकणांत पोंचला नव्हता, म्हणून हातानेंच वादळ घडविणें प्राप्त झालें. पडद्याच्या कडेस पट्ट्या असतात. त्या सरकवून ढगांचे थर किती उंचीवर, किती दाट, पाऊस किती, विजा किती, वारा कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेचा आणि मधूनमधून त्याचा झोत किती, हें सारें ठरवितां येतें. बहुतेक हौशी मंडळी विजेची पट्टी शेवटपर्यंत ओढतात. आमच्या मतें हा दिवाळीचा प्रकार झाला. डोळे दिपतात, विमानास मात्र त्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. आम्हीं प्रथम हवेचा दाब १०१३ वरून ९९८ हेक्टोपास्कलवर आणला. हा बदल दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं. पण वैमानिकानें उंचीमापक यंत्रावर तो आंकडा लावला नाहीं, तर विमान आहे त्यापेक्षां सुमारें ४०० फूट उंच असल्याचें तें यंत्र बेधडक सांगतें. ढगांत असतां ४०० फूट म्हणजे काय, हें वहिनींस वेगळें सांगावें लागलें नाहीं.

वाऱ्याचें गणित आम्हांस विशेष रम्य वाटलें. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे सुमारें २४० अंशांवरून, ४० नॉट वेगानें सोडला, तरी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानास आडवा लागतो तो निम्माच, २० नॉट. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, अर्धें वादळ तुम्हींच गिळलेंत." ठीक दक्षिणेचा वारा सोडावा तर सगळाच आडवा बसला असता, परंतु मुंबईच्या पावसाळ्यास न शोभणारें वादळ दाखवून एका आईस भिववावें, हें आम्हांस प्रशस्त वाटेना. शेवटीं २२० अंशांवर तडजोड झाली. त्यानें आडवा वारा ३० नॉटांवर गेला.

मग वहिनींनीं विचारलें, "याहून वाईट काय असतें?" तेव्हां आम्हांस टेट्सुया फुजिता यांचें नांव काढावें लागलें. न्यूयॉर्क येथें १९७५ च्या जूनमध्यें उतरतांना कोसळलेल्या विमानाचा अभ्यास करून या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, गडगडाटी ढगांतून हवेचा लोट कधीं कधीं सरळ खालीं आपटतो आणि चोहोंकडे पसरतो. त्यांत शिरणाऱ्या विमानास आधीं समोरचा वारा मिळून तें उचललें जातें, मग तें खालीं दाबलें जातें, आणि लगेच पाठीकडून वारा येऊन त्याचा आधारच नाहींसा होतो. १९८५ मध्यें डलास येथें याच कारणानें १३७ माणसें दगावलीं. त्यानंतर सूचना देणारीं यंत्रें आलीं, वैमानिकांस शिक्षण मिळूं लागलें, आणि असे अपघात विरळ झाले. आमच्या खेळांतील पट्ट्यांत या लोटास जागा नाहीं. वेगवेगळ्या उंचीवर उलटसुलट वारे लावून त्याची केवळ नक्कल करतां येते. ती आम्हीं केली नाहीं.

पुतण्या गोव्याहून निघाला. मुंबईच्या वर पावसानें कांचा पांढऱ्या झाल्या. जमीन २०० फुटांवर आली तरी दिवे दिसेनात, तेव्हां त्यानें विमान वर घेतलें. दुसऱ्या खेपेसहि तोच प्रकार झाला. वहिनी खुर्चीच्या कडेस आल्या होत्या. आम्हांस मनांत ७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची रात्र आठवत होती. पावसांत, दुसऱ्या प्रयत्नांत, पाठीवर वारा घेऊन उतरलेलें विमान धावपट्टीपलीकडे खालीं गेलें आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्यु पावले. तीच आठवण वहिनींच्याहि मनांत असावी, कारण त्या एवढेंच म्हणाल्या, "आतां पुन्हां नको."

"नाहींच, आई. हैदराबादला जातों."

पण हैदराबादेसहि तेंच वादळ! हातानें घडविलेली हवा या खेळांत साऱ्या पृथ्वीवर एकसारखी पसरते, ही गोष्ट येथें आडवी आली. खऱ्या वादळास कांठ असतो. विमानाच्या रडारवर तो दिसतो, आणि शहाणा वैमानिक उग्र ढगापासून वीस मैल दूर राहून वळसा घालतो. आमच्या वादळास कांठच नव्हता. वहिनींनीं न्याय दिला, "हें कांहीं खरें नव्हे. तिकडची हवा स्वच्छ करा." आम्हीं वाटेंत पट्ट्या उघडून ती केली.

त्यानंतरचा प्रश्न मात्र आमच्या ध्यानींमनीं नव्हता. "तिथवर पुरेल इतकें इंधन आहे का रे?" पुतण्या गडबडला. प्रवासी विमानानें ठरल्या ठिकाणाचें, तेथून पर्यायी विमानतळाचें आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याचें इंधन राखावें लागतें, हा नियम त्यास तोंडपाठ होता. पण खेळांत तो टाकी भरतांना आंकडा कधीं पाहत नसे. हैदराबाद दिसण्यापूर्वींच आमच्या विमानाचीं इंजिनें एकामागून एक थांबलीं.

वहिनी उठल्या, चहा ठेवला. जातां जातां त्यास म्हणाल्या, "आजच्या प्रवासाला किती लागलें असतें तें कागदावर मांडून मला दाखव." तो कागद रात्रीं जेवणापूर्वीं आला. त्यांनीं बेरीज तपासली, आणि पुढच्या आठवड्यांत वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीसाठीं त्याचें नांव नोंदविण्यास संमति दिली. दादांची पैशाची हरकत अजून कायम आहे.