दारातल्या सार्जंटसाहेबांना

सार्जंटसाहेब,

दारात गणवेश आणि हातात वही दिसली, की थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला सगळ्यात आधी आठवते ती व्हिसाची तारीख. देणगी कशासाठी, किती द्यायची, हे विचार मागाहून येतात. तुम्ही हात जोडता, चपला फाटकाबाहेर काढून ठेवता, कुत्र्याची नावानिशी चौकशी करता, तरीही पोटात गोळा येतोच. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. दोष आहे तो तुम्हाला ज्या कामावर पाठवलं जातं त्या कामाचा, आणि त्याविषयी तुमच्याशीच बोलावं असं वाटलं.

इथे आमच्या मुक्कामाचा सगळा कारभार इमिग्रेशन ब्यूरो पाहतो आणि हा ब्यूरो रॉयल थाई पोलीस दलाचाच भाग आहे. 1979 च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे दर 90 दिवसांनी आम्ही आपला पत्ता कळवतो. परदेशी भाडेकरू घरात आला की मालकानं 24 तासांत वर्दी द्यायची असते. पन्नाशीपुढच्या निवृत्तांना मुक्काम वर्षभरानं वाढवून घ्यायचा, तर बँकेत 8 लाख बाथ किंवा महिन्याचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं. आमच्या पासपोर्टवर शिक्का मारणारा हात तुमचा नसतो, हे मला ठाऊक आहे. तुमचं ठाणं वेगळं, ते कार्यालय वेगळं, साहेबही वेगळे. पण दल एकच. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, टोकाला सत्तरी उलटलेले एक युरोपीय गृहस्थ एकटे राहतात. त्यांना थाई वाचता येत नाही. घंटा वाजल्यावर फाटकापाशी येईपर्यंत त्यांनी हा फरक कसा करायचा? त्यांच्या लेखी आलेला माणूस पोलीस असतो, आणि पोलिसाला नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला शिक्का मिळेल का, ही एकच धास्ती असते. तुम्ही तसं कधी सूचित केलं नाही, करणारही नाही. भीतीला सूचना लागत नाही.

तुमची वही मी नीट पाहिली आहे. रेघांची लांबट पानं, डावीकडे घर क्रमांक, मग नाव, रक्कम आणि सही. पहिल्या ओळीत निळ्या शाईत 1,000 लिहिलेलं, आणि नाव असं गिचमिड की कुणाचं ते कळू नये. खाली किराणावाला 100, कपडे धुणाऱ्या काकू 20, नूडल्सची गाडी 40. मध्येच रोमन लिपीतली नावं येतात आणि आकडे एकदम उडी मारतात: 500, 500, 1,000. रक्कम तुम्ही कधीच सांगत नाही. वही माझ्याकडे वळवून धरता आणि तुमचं बोट रोमन नावांच्या ओळींपाशी टेकलेलं असतं. पानाखाली रबरबँड लावलेली तिकिटं असतात. कधी धर्मादाय फुटबॉल सामन्याची, कधी संगीत रजनीची. सामना कुठे आहे असं विचारलं तर तुम्हालाच तिकिटावर वाचून सांगावं लागतं. पैसे दिले की तुम्ही मनापासून आभार मानता, पण पावती बहुतेक वेळा मिळत नाही.

यावर आम्ही परदेशी लोक काय करतो, तेही ऐकून ठेवा. कुणी दारामागच्या खणात शंभराच्या लाल नोटा खास यासाठी घालून ठेवतो. कुणी घंटा वाजली की पंखा बंद करून गप्प बसतो. कुणी घरात थाई बायको असेल तर तिला पुढे करतो, आणि ती बिचारी दोन्ही बाजूंची लाज सांभाळत वीस-चाळीस बाथवर भागवते. नवखे लोक हजार देऊन मोकळे होतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच पहिली चक्कर येते. ओळखपत्राचा फोटो मागणारेही थोडे आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. बडे पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून फोनवरून तिकिटं खपवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या थाई वर्तमानपत्रांतच येत असतात. यातल्या एकाही माणसानं तुम्हाला दान दिलं, असं मला म्हणवत नाही. त्यांनी तुम्हाला फाटकापासून दूर केलं.

आणि हे थायलंडमध्ये व्हावं याचंच मला वाईट वाटतं. देण्याची इतकी सहज रीत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. वर्षावास संपल्यावर महिनाभर कठिन चीवरदानाचे दिवस असतात. तेव्हा केशकर्तनालयात, दवाखान्यात, लॉटरीवालीच्या फळीवर, जिथे जाल तिथे विहाराची पाकिटं असतात. पाकीट बंद असतं. आत वीस बाथ आहेत की दोन हजार, हे घेणाऱ्याला समोर कळत नाही. बँकॉकमध्ये वाट हुआ लम्फोंगच्या आवारात बेवारस प्रेतांसाठी शवपेट्यांचे पैसे भरता येतात. माणूस एका चिठ्ठीवर नाव लिहितो, ती शवपेटीवर चिकटवतो, हात जोडतो आणि आपल्या कामाला जातो. त्या पेटीत कोण निजणार हे त्याला कधीच कळणार नाही. ऑफिसातून परतणाऱ्या पोरीसोरी तिथे रांगेत उभ्या असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.

2017 साली बॉडीस्लॅम बँडचा गायक आर्टिवारा खोंगमालाय, तुमचा लाडका टून, दक्षिणेच्या बेतोंगपासून उत्तरेच्या माए साईपर्यंत धावला. 55 दिवस आणि 2,000 किलोमीटरहून जास्त अंतर, तेही 11 सरकारी रुग्णालयांच्या यंत्रसामग्रीसाठी. 100 कोटी बाथहून अधिक पैसे जमले. रस्त्याच्या कडेला म्हाताऱ्या माणसांनी चुरगळलेल्या नोटा हातात धरून तासन्‌तास वाट पाहिली. रस्त्यावर बंदोबस्ताला तुमच्याच दलाची माणसं होती. ती गर्दी आवरत होती, वही घेऊन उभी नव्हती. लोकांनी पोलिसांच्या समोर पैसे दिले, पोलिसांना पाहून दिले नाहीत. मला म्हणायचंय ते नेमकं हेच आहे.

आता जरा कायद्याकडे वळते, कारण तो तुमच्या देशाचा आहे आणि चांगला आहे. सार्वजनिक वर्गणीवर थायलंडमध्ये 1944 पासून कायदा आहे. त्याप्रमाणे गोळा करणाऱ्याकडे परवाना हवा आणि देणाऱ्याला पावती मिळायला हवी. सरकारी खात्यांसाठी तर 2001 साली, म्हणजे बौद्ध संवत 2544 मध्ये, पंतप्रधान कार्यालयानं वेगळी नियमावली काढली. तिच्यात सरकारी खात्यांना अमुकच रक्कम द्या असं ठरवून सांगायला सहसा मनाई आहे. सक्ती करायला मनाई आहे. एवढ्यावरच ती थांबत नाही. माणसाला नाही म्हणता येऊ नये अशा अवघड जागी त्याला आणून उभं करणं, थेट असो वा आडवळणानं, हेही ती मना करते. आणि सरकारी नोकरांना वर्गणी मागायला बाहेर पाठवणं, हाताखालच्या माणसाला त्यासाठी हुकूम करणं किंवा गळ घालणं, तेही.

हे कलम मी एका थाई मैत्रिणीकडून पुन्हापुन्हा वाचून घेतलं. तोवर मला वाटत होतं की हा नियम माझ्यासारख्या फाटकाच्या आतल्या माणसासाठी असेल. पण तो तुमच्यासाठीही आहे. नाही म्हणता येऊ नये अशा जागी तुम्हीही उभे असता. तिकिटांचा गठ्ठा सकाळी तुमच्या टेबलावर कुणी ठेवला, किती खपवायची ते कुणी सांगितलं, उरलेल्या तिकिटांचे पैसे कुणाच्या पगारातून गेले, हे मी तुम्हाला विचारणार नाही. उत्तर देणं तुम्हाला जड जाईल. एकदा भर उन्हात पाण्याचा ग्लास घेताना तुम्ही म्हणाला होतात की अजून दोन सोई बाकी आहेत, आणि ते म्हणताना माझ्याकडे न बघता वहीकडे बघत होतात. त्यात मला पुरेसं कळलं.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. खालच्या हुद्द्यावरचा पगार तुटपुंजा असतो. कमरेचं पिस्तूल अनेकजण पदरचे पैसे घालून, हप्त्यानं घेतात. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, दिवसांत नाक्यांवर रात्र रात्र उभे राहणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना पाणी, बर्फ, कॉफीचे डबे आजूबाजूचे लोकच आणून देतात. आम्हीही देतो, आणि तिथे कुणाला कसलीही धास्ती वाटत नाही. फाटकावरच्या लाल पेटीतल्या वहीत सही करायला गस्तीवाला येतो, तेव्हाही घरातल्यांना बरंच वाटतं. म्हणजे गणवेशाची भीती जन्मजात नाही. गणवेश काही मागायला लागला की ती सुरू होते.

जनमानसात तुमच्या दलाविषयी आधीच काय साचलं आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. 2023 च्या जानेवारीत एका तैवानी अभिनेत्रीकडून बँकॉकच्या नाक्यावर 27,000 बाथ उकळल्याचं प्रकरण झालं. आधी नकार, मग कबुली, मग कारवाई. त्याच वर्षी मे महिन्यात नवनिर्वाचित खासदार विरोज लक्खनाअदिसोन यांनी जादा भार वाहणाऱ्या ट्रकांच्या काचेवरचे स्टिकर उघड केले. ते लावले की रस्त्यात कुणी अडवत नसे, आणि ते विकत मिळत असत. बालदिनाला मुलांना द्यायच्या सायकलींसाठी प्रामाणिकपणे पैसे मागणारा सार्जंट आणि स्टिकरवाले यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण वही हातात आली की लोक तुम्हाला त्याच रांगेत बसवतात. तुमची ही बेअब्रू तुमच्या वरिष्ठांना सलत कशी नाही?

मी महाराष्ट्रातली आहे. वर्गणी आमच्या रक्तात आहे. गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन जिने चढतात. आमच्याकडेही दांडगाई होते, दुकानदारांना दमदाटी होते, खंडणीचे गुन्हेही नोंदवले जातात. म्हणून तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. तरीही त्या पोरांशी मला जिन्यात भांडता येतं. गेल्या वर्षीचा हिशेब दाखवा म्हणता येतं, पाचशे मागितले तर एक्कावन्न हातावर ठेवता येतात. ती रुसतात, कुरकुरतात आणि वरच्या मजल्यावर जातात. माझं त्या इमारतीत राहणं त्यांच्या हातात नसतं. देणं खुशीचं राहण्यासाठी तेवढं पुरतं, आणि तुमच्या-माझ्यात नेमकं तेवढंच नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. यापुढे वही घेऊन माझ्या फाटकाशी येऊ नका, आणि त्या युरोपीय आजोबांच्या फाटकाशी तर मुळीच नको. मी पैसे देणार नाही. तसं तोंडावर सांगण्याऐवजी लिहून देते आहे, म्हणजे वर दाखवायला तुमच्याकडे कागद राहील. लोकांची नाराजी आहे, हे तुमच्या तोंडून निघालं तर तो उद्धटपणा ठरेल. माझ्या पत्रातून निघालं तर ती रहिवाशाची तक्रार ठरते. 2001 च्या नियमावलीची थाई प्रत सोबत जोडली आहे आणि मैत्रिणीनं मनाईची ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली आहे. साहेबांनी विचारलं तर माझं नाव खुशाल सांगा.

दानाला माझी ना नाही. रुग्णालयांना, शाळांना, विहारांना महसूल विभागाच्या ई-डोनेशनमधून पैसे देता येतात. मोबाइलनं कोड स्कॅन केला की झालं, आणि नोंद आपोआप होते. तुमच्या ठाण्याला खरोखर कशाची गरज असेल, तर तीही नियमाप्रमाणे मंजुरी घेऊन उघड सांगता येईल. काय हवं, किती हवं, किती जमलं, हे ठाण्याबाहेरच्या फलकावर लावा, खात्याचा क्रमांक द्या, आणि कुणी दिले कुणी नाही हे गस्तीवरच्या माणसाला कळू देऊ नका. खिडक्यांना जाळ्या हव्यात की गस्तीच्या मोटरसायकलीला टायर, वाचून लोक देतील. सोईतले लोक कंजूष नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तुमच्याकडे बालदिन असतो. ठाण्याच्या आवारात मुलं मोटरसायकलवर बसून फोटो काढतात, सोडतीत कुणाला सायकल मिळते, कुणाला फुटबॉल. दोन सायकली आम्ही सोईतले काही जण मिळून शाळेत पोचवणार आहोत. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलणं झालं आहे, पावती शाळेची असेल आणि सोडतही शाळाच काढेल. तुम्ही सकाळी मैदानावर याल तेव्हा तुमच्या धाकट्यालाही घेऊन या. तो पहिलीत गेला असेल ना आता?

आपली,
सोईतली एक भाडेकरू