बोटांना दिसणारी वीण

इंदूरच्या मराठी घरांत एके काळी वस्तू उघडी ठेवायची पद्धतच नव्हती. रेडिओवर रुमाल, टीव्ही आल्यावर टीव्हीवर रुमाल, सोफ्याच्या पाठीवर त्रिकोणी तुकडे, पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी ओवलेली जाळी. सगळं क्रोशाचं, सगळं पांढरं नाहीतर बदामी. लग्न ठरलं की रुखवतात क्रोशाचं तोरण हवंच. ते कुणी विणलं याची चौकशी बायका मंगलाष्टकांआधीच उरकून घेत. रामबाग, नारायणबाग या भागातल्या लग्नांत त्या चौकशीचं उत्तर पुष्कळदा आमच्या काकूंचं नाव असे.

काकूंचं काम लांबूनही ओळखू यायचं, कारण त्यात पॉपकॉर्नची वीण हटकून असायची. सपाट जाळीवर मध्येच टपोरे, गोल उठाव. लहानपणी मला वाटायचं, आत कापसाची गोळी भरत असतील. आत काहीच नसतं. एकाच घरात पाच खांब, म्हणजे उंच टाके, काढायचे, मग सुईतला टाका मोकळा सोडून द्यायचा, सुई पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि तो मोकळा टाका धरून त्यातून ओढून घ्यायचा. पाची खांब एकमेकांजवळ येतात, त्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि ते पुढे फुगतात. वर एक साखळी घालून आवळलं की झालं. उठावाच्या इतरही विणी आहेत. कुणी खांब अर्धेच ठेवून शेवटी सगळे एकत्र मिटतात, कुणी नुसतेच लांब वेढे ओढून घेतात. ते उठाव मऊ असतात, दाबले की बसतात. पॉपकॉर्न मात्र बोटाखाली ठाम लागतो.

टाका मोकळा सोडायचा, इथंच शिकणारीचा जीव वर-खाली होतो. क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो, तो निसटला तर मागचं सगळं उसवत जातं. मुलींचे हात तिथं अडखळायचे. काकू म्हणायच्या, ‘‘सोड गं, कुठं पळून नाही जात तो.’’ आणि खरंच जात नसे.

नक्षीत ही वीण कुठं घालायची, याचे त्यांचे नियम पक्के होते. चादरीवर शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी: पहिल्या ओळीत एक उठाव, मग एक साधी ओळ, मग दोन, मग तीन, आणि तसंच उतरत परत एकावर. टेबलावरच्या रुमालाच्या कोपऱ्यात द्राक्षाचा घोस: चार, तीन, दोन, एक. बाळाच्या टोपड्याला फक्त कपाळावरच्या काठाला, मागच्या बाजूला कधीच नाही, कारण निजलेल्या बाळाच्या डोक्याला ते रुततात. इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून. एकदा एका सुनेनं सरळ बाजूनं इस्त्री फिरवली, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. रुमाल पाण्यात बुडवला आणि ओला असतानाच प्रत्येक उठाव चिमटीनं वर काढला.

या विणीला दोरा फार लागतो. जिथं एका खांबानं भागलं असतं तिथं पाच. काकूंच्या संसाराचा बाकी हिशेब याच्या अगदी उलटा होता. जुने स्वेटर उसवून, लोकरीच्या वळ्या किटलीच्या वाफेवर सरळ करून त्या नवे स्वेटर विणत. घरात वाया गेलेली वस्तू मी कधी पाहिली नाही. पण राजवाड्यामागच्या गल्लीत पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे घेताना त्या हात आखडत नसत. आयुष्यात एवढी एकच उधळपट्टी त्यांनी केली.

काका मिलमध्ये होते. तेव्हाचं इंदूर मिलचंच होतं: मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. पाळीच्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं. मग एकेक भोंगा बंद पडला. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत वाट पाहणारे कितीतरी लोक उरलेच नाहीत. काकांची मिल दुसरी होती, गोष्ट फारशी वेगळी नव्हती. त्या दिवसांत काकू पैसे घेऊन विणू लागल्या. टोपडी, तोरणं, ताटावरचे रुमाल. गिऱ्हाइकाला पॉपकॉर्न हवा असे, पण भाव साध्या जाळीचा. हिशेबात ते बसत नव्हतं. तरी काठाला एक ओळ त्या घालतच, न सांगता, न मागता.

काका सूत काढणाऱ्या खात्यात होते आणि यंत्रांवर त्यांचा फार विश्वास. एकदा ते म्हणाले, ‘‘हे तुमचं क्रोशाकाम एखाद्या यंत्रावर बसवलं तर दिवसाला ठाणभर निघेल.’’ काकू हसल्या. यंत्राला हे काम अजून नीट जमलेलं नाही. लोकरीचं दोन सुयांवरचं विणकाम यंत्रावर होतं, लेस यंत्रावर होते; क्रोशाचा टाका मात्र आजही हातानंच पडतो. बाजारात यंत्रावर केलेलं म्हणून जे मिळतं ते दिसायला तसं असतं, वीण निराळी. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात आयर्लंडच्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं चालवली; आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरच्या बायका आजही तेच करतात, आणि त्यांच्या लेसला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं. जगात जिथं कुठं खरा क्रोशा दिसेल, तिथं कुणीतरी बाई सुई घेऊन बसलेली असते. काकांच्या मिलमधलं काम यंत्र थांबल्यावर थांबलं. काकूंचं थांबवायला कुणाच्या हातात काही नव्हतं.

इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांना काकू न चुकता जात, आणि पिशवीत सुई-दोरा असेच. प्रेक्षागृहात दिवे मालवले तरी त्यांचा हात चालू. मी एकदा विचारलं, ‘‘काकू, अंधारात तुम्हाला दिसतं कसं?’’ म्हणाल्या, ‘‘डोळे फाडून काय बघून राहिलीस? बोटानं मोज. हे तर बोटालाच दिसतं.’’

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. शेवटच्या काही वर्षांत त्यांची नजर मधोमधच गेली. कडेचं दिसे, समोरचं नाही. माणसाचा चेहरा दिसायचा नाही, त्याच्या मागचं दार दिसायचं. आधी बारीक दोरा सुटला, मग जाळीचं काम, मग अननसाची नक्षी. जे जे सपाट होतं, ते डोळ्यांवर अवलंबून होतं आणि ते एकेक करून गेलं. उरला तो पॉपकॉर्न. जाड पांढरी लोकर, मोठ्या नंबरची सुई, आणि डाव्या हाताचा अंगठा मागच्या ओळीवरून सरकत उठाव मोजणारा. एक, साधी ओळ, दोन, साधी ओळ, तीन. ज्या विणीवर त्यांनी आयुष्यभर जास्तीचा दोरा घातला, तीच शेवटपर्यंत त्यांच्या हाती राहिली.

गेल्या थंडीत काकू गेल्या. तेराव्यानंतर कपाटं उघडली गेली. साड्या वाटल्या, भांडी वाटली, आणि कुणीच न मागितलेली एक पट्टी माझ्याकडे आली. वीतभर रुंद, गुंडाळी करून ठेवलेली. कुठं पाहिलेली, कुणाच्या अंगावर दिसलेली वीण काकू त्या पट्टीवर चार-सहा ओळी उतरवून ठेवत. दोन नमुन्यांमध्ये रंगीत दोऱ्याची एक ओळ. कुठंही नाव नाही, कागद नाही. विणीचे आलेख वाचायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

त्यात पॉपकॉर्नचा असा एक नमुना आहे की प्रत्येक ओळीत उठाव, मध्ये साधी ओळच नाही, आणि सगळे एकाच बाजूला आलेले. हे सहसा होत नाही. विणकाम दर ओळीला उलटतं, त्यामुळे एका ओळीचे उठाव पुढे आले तर पुढच्या ओळीचे मागे जातात; म्हणूनच मध्ये साधी ओळ घालतात. काकूंनी हे कसं साधलं, ते नुसतं पाहून कळेना. पट्टी उलटी धरून बोट फिरवलं तेव्हा लक्षात आलं. उलट्या ओळीत त्यांनी सुई मागून पुढे घातली होती. एवढासाच फरक, पण सगळा उठाव त्यामुळे पलीकडे जातो, म्हणजे सरळ बाजूला. आता मलाही ते येतं. माझे उठाव त्यांच्याइतके घट्ट बसत नाहीत. दोरा किती ताणायचा हे पट्टीवर लिहिलेलं नाही.

बाकी बरेच नमुने अजून उलगडलेले नाहीत. ते कळायचा एक खात्रीचा मार्ग आहे: शेवटच्या टाक्यापासून उसवत मागं जायचं. क्रोशा ज्या क्रमानं विणला, त्याच्या बरोबर उलट क्रमानं सुटतो आणि सगळं सांगून टाकतो. पण सांगून झाल्यावर हातात नुसता दोरा उरतो. मी ते करणार नाही. म्हणजे ते नमुने काकूंबरोबरच गेले, असं धरून चालायचं.

ते माझ्यापर्यंत पोचू शकले असते. काकू होत्या, मला वेळ होता, आणि मी त्यांच्याकडून तयार रुमाल घेऊन येत राहिले. तुमच्या घरात, शेजारात कुणी विणणारी बाई असेल, तर तिच्याकडे विणलेलं काही मागू नका. दोऱ्याचा एक गुंडा आणि एक सुई घेऊन जा, तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, मला शिकवा. ती नाही म्हणणार नाही.