किल्ली कुणाकडे?

मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीत पालकांमधून एक बाई हवी होती. सभेत मी पुढच्या रांगेत बसले होते, म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. या समित्या नेमायला शासनाने 2022 मध्येच सांगितलं होतं. आमची समिती मात्र 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर कागदावरून खाली उतरली.

तक्रारपेटी होती, पण मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, आणि किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. उघडली तर आत ‘पंखा चालत नाही’ एवढीच एक चिठ्ठी. “बघा, मुलांची काही तक्रारच नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कोण जाणार? पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा आणि किल्ली समितीतल्या डॉक्टरबाईंकडे द्या, असा आग्रह मी धरला. इतिवृत्तात नोंद झाली म्हणून ते झालं.

पुढच्या वेळी पेटीत हात घालावा लागला नाही, चिठ्ठ्या वरूनच दिसत होत्या. ‘बाई मार्क मोठ्याने वाचतात, नापासांचे आधी.’ ‘सर मला काळ्या म्हणतात, मग सगळेच म्हणतात.’ ‘मी वाचताना अडखळतो म्हणून मलाच उभं करतात.’ मारलं असं कुणीच लिहिलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक छळालाही मनाई आहे, हे मी वाचून दाखवलं. “आम्ही तर मार खाऊन घडलो,” एक गुरुजी म्हणाले. दर 24 डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, तसबिरीला हार घालण्याचा मान याच गुरुजींचा असतो.

मग ती चिठ्ठी निघाली. ‘सर रात्री मेसेज करतात. झोपलीस का, तू एकटीच मला समजून घेतेस, असं. उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याशी बोलत नाहीत.’ नाव नव्हतं, वर्ग नववी.

हे सर कुणावर ओरडत नसत. नोट्स फुकट देत, सहलीला पुढे असत. मुलं त्यांच्याभोवती, पालक त्यांच्यावर खूश. समितीत लगेच सुरू झालं, “अहो, विद्यार्थीप्रिय आहेत ते. मोकळा स्वभाव आहे.” मोकळा स्वभाव दिवसा, सगळ्यांसमोर दिसायला काय हरकत होती?

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं तरच नव्हे, घडेल अशी शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. “संस्थेचं नाव जाईल,” मुख्याध्यापक म्हणाले. डॉक्टरबाईंनी तिथेच 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

मग समुपदेशक नववीच्या मुलींशी एकेकीशी वेगळं बोलल्या, तेव्हा कळलं की मेसेज एकीलाच येत नव्हते. मुलींना ते आवडत नव्हते. पण सर रुसले की वर्गात आपण कुणीच नाही असं वाटायचं, म्हणून त्या उत्तर देत राहिल्या. घरी का सांगितलं नाही, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच होतं: “सांगितलं असतं तर माझी शाळाच बंद केली असती.” त्यांची ही भीती खोटी नव्हती. आमच्या तालुक्यात अशा कारणाने मुलींची नावं शाळेतून काढलेली मी पाहिली आहेत.

सर निलंबित आहेत, चौकशी चालू आहे. चांगला शिक्षक घालवलात, असं मला बाजारात थांबवून ऐकवणारे पालक आहेत. त्यातल्या एका बाईंची मुलगी त्याच वर्गात आहे.

पालकसभेत मार्कांचं बोलून झालं की तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा. कुणी शिक्षक मुलांना खासगी मेसेज करतात का, तेही विचारा. आणि त्याआधी आजच घरी मुलीला सांगून ठेवा, की तू काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही.