बुंध्यावरची ऐरण

मृग लागायच्या आधी वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात लोहारसाळेसमोर लोखंडाचा ढीग पडायचा. वखराच्या पासा, तिफणीचे फण, नांगराचे फाळ, कोळप्याची पाती. लोहारमामा एक पाय मुडपून भुईवर बसत. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडा. समोर मामी उभ्या राहून घण घालायच्या. मामा हातोडीनं जागा दाखवत आणि त्याच जागी घण पडायचा. पैशांचं बोलणं नसायचंच, सुगीला खळ्यावर ज्वारी मोजून दिली की वर्षाचा हिशेब मिटला.

एवढे घाव बसून ऐरण मात्र तसूभर हलत नसे. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. अशा मातीत वरवर रोवलेली कोणतीही वस्तू दोन पावसाळ्यांत कलते. म्हणून मामांनी मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून त्यात बाभळीचा जुना बुंधा उभा बसवला होता. लाकडाच्या रेषा वर-खाली, म्हणजे घाव रेषेच्या टोकावर बसतो आणि बुंधा फाटत नाही. भोवती दगड आणि मुरूम थराथरानं, पाणी शिंपून, धुम्मसानं ठासलेला. बुंध्याच्या डोक्याला लोखंडी कडं होतं, तेही बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसंच, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून बसवलेलं आणि वर पाणी ओतून आवळलेलं. ऐरणीची खालची निमुळती बाजू बुंध्यात कोरलेल्या खाचेत घट्ट जायची.

या साऱ्या खटाटोपामागं रोकडं कारण होतं. ऐरण हलली की घावाचं बळ तिला हलवण्यात जातं, लाल लोखंडाला मिळत नाही. मग दोन घावांच्या जागी चार लागतात, तोवर लोखंड थंड पडतं, पुन्हा भट्टीत घालावं लागतं. कोळसाही जातो आणि माणूसही थकतो. मामी दिवसभर घण घालू शकायच्या, त्यात त्या बुंध्याचा मोठा वाटा होता, असं मी आज खात्रीनं म्हणतो.

आता शेत ट्रॅक्टरचं झालं. सोयाबीन आणि हळद आली, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पाती दुकानात तयार मिळतात. गावची लोहारसाळ बंद पडली. पण हिंगोलीत माझ्या पुतण्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मांडली आहे. भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आहे, आणि ऐरण म्हणून रुळाचा तुकडा.

रुळाचं आमच्या भागाशी जुनं नातं. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गावर पूर्वी मीटरगेज होतं, रुळांमधलं अंतर एक मीटर. आता ते १६७६ मिलिमीटर आहे. आजच्या मोठ्या मार्गांवरचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो भरतात, म्हणजे फूटभर तुकडा सोळा-अठरा किलोंचा. पोलाद कसदार, घाव सोसणारं. मात्र असा तुकडा लिलावातला माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून पावती घेऊनच आणावा. रेल्वेचा चोरीचा माल जवळ बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

पुतण्यानं तो तुकडा आधी आडवा ठेवला, अँगलच्या घोडीवर, फरशीवर. रुळाची मधली पाटी बारीक, त्यामुळे घाव बसला की तो झणझणायचा आणि घोडी सरकत भिंतीला जायची. मग त्यानं रूळ उभा केला. तोंड लहान झालं, पण सगळं वजन घावाच्या सरळ रेषेत आलं. खाली बाभळीचा ठोकळा, त्यात रुळाच्या मापाची खाच, बाजूनं पट्ट्या आणि बोल्ट. घोडीला चारऐवजी तीन पाय दिले, कारण खडबडीत जमिनीवर तीन पाय डुगडुगत नाहीत. रुळाला साखळी गुंडाळल्यावर कान फोडणारा आवाजही उतरला.

एका बाबतीत आजचं काम निश्चित चांगलं आहे. त्याची ऐरण उभं राहून मूठ मिटली की बोटांच्या पेरांशी येते, त्यामुळे कंबर वाकत नाही. मामांचे गुडघे म्हातारपणी आखडले ते भुईवर बसून बसून. पण बैठकीच्या बाबतीत मामांची ऐरण सरस होती. घोडी कितीही आवळली तरी मुरमात रोवलेल्या बुंध्याची सर तिला येत नाही, आणि ज्याच्या घरामागं हातभर मोकळी जमीन आहे त्यानं घोडीच्या नादी लागू नये. उंच बुंधा घ्यावा, निम्मा जमिनीत, निम्मा वर, म्हणजे जुन्याची पकड आणि नव्याची उंची दोन्ही साधतात.

तुमच्या गावात अशी रोवलेली ऐरण अजून असेल तर ती किलोच्या भावानं भंगारात जाऊ देऊ नका. ती चालवणारा माणूस हयात असेल तर आपला खड्डा खणण्याआधी त्याला मानानं घरी बोलवा, जागा दाखवा आणि तो सांगेल तेवढं खोल खणा.